वर्लिन उन्रूची एकुलती एक थाप

कॅन्ससमधल्या हॅस्केट गावी, शेतकऱ्यांच्या को-ऑपच्या पेट्रोल पंपावर, कॉफीच्या मशिनशेजारी एक लांबडं टेबल आहे. सगळं गाव त्याला 'थापाड्यांचं टेबल' म्हणतं. तिथे बसणारेही तसंच म्हणतात, त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. गुरांना चारा घालून झाला की गावातले म्हातारे एकेक करून तिथे येऊन टेकतात आणि हॅस्केट स्टेट कॉलेजच्या फुटबॉलवर बोलतात. आता खेळ म्हणाल तर तो वर्षातले मोजके शनिवार. उरलेलं वर्ष बोलायचं कशावर? तर पुढच्या हंगामाला शाळेतली कुठली पोरं कॉलेजच्या गळाला लागणार, कुणाला कोण पळवणार, यावर. ज्या पोराला अजून धड मिसरूड फुटलेली नाही, तो क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा म्होरक्या, म्हणून आपल्याकडे येणार की ओक्लाहोमात जाणार यावरून तिथे भांडणं होतात. बाजारात तुरी म्हणतात ते हेच.

या टेबलावर थाप न मारणारा एकच माणूस होता, वर्लिन उन्रू. उंच, किंचित वाकलेला, आवाज खालचा. को-ऑपच्या धान्याच्या कोठारावर उभा जन्म काढला आणि निवृत्त झाल्यावर गावाबाहेरच्या छोट्या विमानतळावर विमानात तेल भरायचं काम धरलं. विमानतळ म्हणजे काय, गव्हाच्या शेतातून गेलेली एक धावपट्टी, एक पत्र्याची शेड आणि वारा दाखवणारी नारिंगी पिशवी. पण त्यामुळे टेबलावर वर्लिनचं वजन वाढलं. बाकीचे इंटरनेटच्या फोरमवर वाचलेलं सांगायचे, वर्लिन डोळ्यांनी पाहिलेलं सांगायचा. कोच काल अमारिलोला गेला, असं तो म्हणायचा आणि पुन्हा कॉफीत बघत बसायचा. मग बाकीच्यांनी अमारिलोतला कुठला दांडगा पोरगा गळाला लागतोय ते शोधून काढायचं.

"वर्लिन म्हणाला म्हणजे बायबल," हार्लन फ्रीसेन म्हणायचा. हा हार्लन पूर्वी गावात औषधाचं दुकान चालवायचा. आता त्याने ते मुलाच्या गळ्यात घातलं होतं आणि स्वतः दिवसभर फोन हातात धरून फोरमवर पडीक असायचा.

त्या उन्हाळ्यात मात्र पोरांच्या बातम्या मागे पडल्या आणि कॉन्फरन्सची बातमी आली. कॉन्फरन्स म्हणजे कॉलेजांची पंगत. ज्या पंगतीत तुमचं पान, त्यांच्याशीच तुमचे सामने. आमचं पान आजोबांच्या काळापासून खालच्या पंगतीत, शेजारच्या कॉलेजांबरोबर. आणि आता म्हणे पश्चिमेकडच्या मोठ्या पंगतीत आमच्यासाठी एक पाट रिकामा झाला होता. देशभरचा टीव्ही येणार, मोठमोठे संघ हॅस्केटला येऊन खेळणार, आमचे चंडोल आता देश बघणार! आमच्या संघाचं नाव चंडोल पक्ष्यावरून आहे, त्यावरून आम्हाला हसणारे पुष्कळ भेटतात. हार्लनला तर रात्रीची झोप लागेना.

"वर्लिन, तू का तोंड पाडून बसलास?"

"मलाही झोप लागत नाही."

झोप खरंच लागत नव्हती, पण कारण वेगळं होतं. मोठ्या पंगतीत गेलं की जुन्या पंगतीतले सामने जाणार, आणि त्यातला एक ओक्लाहोमातल्या ब्रॅकन टेकशी असतो. तो सामना गेला की वर्लिनचा भाऊ गेला. एवढं साधं गणित होतं, पण ते टेबलावर सांगण्यासारखं नव्हतं.

भाऊ म्हणजे लीलँड, वर्लिनपेक्षा थोरला. तो तरुणपणी ब्रॅकनला शिकायला गेला, तिथेच मार्लीनशी लग्न करून राहिला आणि ब्रॅकनचा, म्हणजे त्यांच्या 'रॅटलर साप' नावाच्या संघाचा, झाला. उन्रूंच्या घरात साप निघाला म्हणून आई त्याला चिडवायची. तीही स्वयंपाकघरात रेडिओ लावून सामने ऐकणारी, पंचांना भांडी घासता घासता शिव्या घालणारी.

ही आई बऱ्याच वर्षांपूर्वी नोव्हेंबरात वारली, आणि नेमकी ब्रॅकनच्या सामन्याच्या आठवड्यात. वर्लिनने पुष्कळ विचार करून शनिवारी सकाळचं दफन ठरवलं, कारण सामना संध्याकाळी होता. लोकांना दोन्ही साधावं. गुरुवारी टीव्हीवाल्यांनी सामना सकाळी अकराला आणला. पाद्री म्हणाला, वर्लिन, पुढे ढकलू या. वर्लिन म्हणाला, आईला टीव्हीच्या वेळापत्रकाने पुरायचं का? मग व्हायचं तेच झालं. चर्च अर्धं रिकामं राहिलं. ज्या बायकांनी आईबरोबर जन्मभर गोधड्या शिवल्या, त्यातल्या चारदोनच आल्या, आणि त्याही सारख्या घड्याळाकडे बघत होत्या. लीलँड आला, पहिल्या बाकावर बसला, डोळे पुसत होता. पण शेवटच्या प्रार्थनेत सगळ्यांची मान खाली असताना त्याच्या तोंडून "येस्स!" असं निघालं. कानात रेडिओची वायर होती.

दफनभूमीत सगळ्यांदेखत वर्लिन म्हणाला, "लीलँड, यापुढे माझ्या घराची पायरी चढू नकोस."

लीलँड चढला नाही. वर्लिनने बोलावलं नाही. त्यांच्या घराण्यात सुंभ जळतो, पीळ राहतो. पत्र नाही, फोन नाही. वर्लिनची मुलगी लग्न होऊन ओरेगनला गेली, लीलँडच्या छातीचं ऑपरेशन झालं, एकमेकांना कुणी कळवलं नाही.

पण दफनानंतरच्याच वर्षी ब्रॅकनच्या सामन्याच्या दिवशी वर्लिन स्टेडियमच्या पार्किंगमध्ये पिकअपचं मागचं फळकुट पाडून कॉफी पीत बसला होता, तेव्हा शेजारच्या जागेत एक ओळखीचा पिकअप येऊन लागला. लीलँड उतरला. त्याने आपली घडीची खुर्ची उघडली, वर्लिनपासून हातभर अंतरावर बसला आणि समोर बघत म्हणाला, "विचिटाचा तो लांब हातांचा पोरगा तुमच्याकडे येतोय म्हणे?"

वर्लिनने बराच वेळ कप हलवला. मग म्हणाला, "येतोय."

"गुडघा अधू आहे त्याचा."

"तुमच्याकडे नाही म्हणाला, तेव्हापासून अधू झाला वाटतं."

दार घराचं बंद झालं होतं. पार्किंगचं कुणी बंद केलं नव्हतं. तेव्हापासून एक वर्ष हॅस्केटला आणि एक वर्ष ब्रॅकनला, प्रत्येक सामन्याला दोघांचे पिकअप योगायोगाने शेजारी लागायचे. हा योगायोग जमवायला दोघेही तांबडं फुटायच्या आत घरून निघायचे. वर्लिनची बायको इर्मा बिरॉक करून द्यायची, कोबी आणि खिमा भरलेले पाव, आणि न बोलता मोजणीत लीलँडचेही धरायची. दिवसभर दोघं पोरांबद्दल बोलायचे. कोण आला, कोण गेला, कुणाला कुणी फूस लावली. एका वर्षी लीलँड फार वाळलेला दिसला. तो म्हणाला, "आमचा जुना लाइनमन दुखापतीतून उठलाय, पण आता जिना चढताना थांबतो." मैदानावर पुढच्या फळीत धडका देणाऱ्या लाइनमनला कुठला आलाय जिना? वर्लिनला कळलं. त्याने विचारलं, "डॉक्टर चांगला होता का त्याचा?" लीलँड म्हणाला, "होता." एवढंच. पण त्या 'होता'वर वर्लिनने पुढचं वर्ष काढलं.

वर्षाचे बाकीचे दिवस तो काय करायचा? ब्रॅकनच्या बातम्या वाचायचा. आपल्या संघाचं एक वेळ चुकेल, पण ब्रॅकनकडे कोण पोरगा चाललाय ते त्याला तोंडपाठ. टेबलावरच्यांना वाटायचं, वर्लिन शत्रूचा अभ्यास करतो. तो भावाशी बोलायची तयारी करत होता.

ऑगस्टातल्या एका रणरणत्या दुपारी विमानतळावर एक पांढरं जेट उतरलं. सूट घातलेले दोघं जण खाली आले. एकाच्या हातात निळी फाइल, तिच्यावर पश्चिमेच्या त्या मोठ्या पंगतीचं चिन्ह होतं. कॉलेजची गाडी आधीच येऊन थांबली होती. दोघांनी वर्लिनशी हसून हात मिळवला, ऊन फार आहे म्हणाले आणि गाडीत बसले. वर्लिनने पाइप जोडून तेल सोडलं तोच खिशात फोन वाजला.

"वर्लिन!" हार्लन ओरडत होता. "डॅलसहून निघालेलं विमान तुझ्या अंगणात उतरलंय! फोरमवर विमानाच्या वाटेचा नकाशा टाकलाय कुणीतरी. कोण आलंय? लवकर सांग!"

वर्लिनने धावपट्टीकडे पाहिलं. तिच्यापलीकडे कापलेलं गव्हाचं शेत होतं आणि दूर स्टेडियमचे दिवे उभे होते. सत्तरीला आलेल्या त्या माणसाच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा जी थाप निघाली ती अशी.

"वळूचं वीर्य विकणारे आहेत."

"जेट घेऊन?"

"मोठे वळू असतील."

फोन खिशात ठेवण्याच्या नादात त्याने तेल बुटावर सांडलं. पण वर्लिन म्हणाला म्हणजे बायबल. हार्लनने 'अत्यंत खात्रीलायक सूत्रांनुसार' म्हणून ते फोरमवर टाकलं आणि मोठ्या पंगतीची बातमी तिथल्या तिथे आडवी झाली. दोन आठवडे सगळ्या कॅन्ससमध्ये वळूंचे विनोद चालले. वर्लिनला वाटलं, टळलं.

इर्माला मात्र थाप पचली नाही. रात्रीच्या जेवणाला मक्याच्या कणसाला लोणी लावता लावता ती म्हणाली, "हार्लनच्या बायकोचा फोन आला होता. काय रे, वळूवाले जेटनं कधीपासून यायला लागले?"

वर्लिनने तिच्यापुढे मीठ सरकवलं.

"एवढं करण्यापेक्षा लीलँडला एक फोन करणं सोपं नव्हतं का?"

"फोनवर काय बोलू?"

"कसा आहेस, म्हणायचं. जेवलास का, म्हणायचं. माणसं काय बोलतात?"

वर्लिनला खरोखरच माहीत नव्हतं. मागे एकदा वसंतात त्याने नंबर फिरवला होता आणि पलीकडे लीलँडचा "हॅलो" ऐकू आल्यावर ठेवून दिला होता. वसंतात सामने नसतात, भरतीच्या बातम्याही नसतात. बोलायचं कशाच्या आधाराने? त्या एका "हॅलो"साठी मात्र तो दोन दिवस अंगणात उगाच फिरत होता.

थापेने पाट अडत नाही. सप्टेंबरात बातमी अधिकृत झाली. चौकात बँड लागला, कॉलेजच्या अध्यक्षांनी भाषण केलं, आणि नव्या पंगतीत सामने फार असल्यामुळे ब्रॅकनचा सामना या वर्षानंतर बंद, हेही त्याच भाषणात एका वाक्यात उरकलं. कुणी हळहळलं नाही. दुसऱ्या दिवशी वर्लिन टेबलावर गेला तो शिव्या खायची तयारी करून. सगळे उठून टाळ्या वाजवायला लागले.

"याला म्हणतात माणूस!" हार्लनने त्याच्या पाठीत थाप मारली. "विमानात तेल काय भरतो, हात काय मिळवतो, आणि पोटातलं ओठावर येऊ देत नाही! त्यांनीच सांगितलं असणार, गुप्त ठेव म्हणून. बरोबर ना? मोठे वळू असतील, म्हणे! वळूंनीसुद्धा लाजावं!"

त्याच्यासमोर दालचिनीचा गरम रोल आणून ठेवला गेला. वर्लिनने तो हळूच शेजाऱ्याच्या बशीत सरकवला. संघाचं वाटोळं चिंतणारा माणूस संघाचा हिरो ठरला होता, आणि खरं सांगावं तर कुणाला सांगावं?

नोव्हेंबरातला शेवटचा सामना हॅस्केटला होता. वर्लिन आणि इर्मा अंधारातच पार्किंगमध्ये पोचले. उत्तरेचं वारं अंगातून आरपार जात होतं. वर्लिनने शेजारच्या जागेत खुर्ची मांडून ठेवली. उजाडलं, भराभर गाड्या येऊ लागल्या, लोकांच्या शेगड्या पेटल्या. लीलँडचा पत्ता नव्हता. एक जण त्या जागेत गाडी घालायला लागला, तेव्हा कधी आवाज न चढवणारा वर्लिन त्याच्या बॉनेटसमोर आडवा उभा राहिला. "ही जागा भरलेली आहे!" रिकाम्या जागेत उभा राहून तो ओरडत होता. त्या माणसाने इर्माकडे पाहिलं आणि मुकाट्याने गाडी मागे घेतली.

सामन्याला थोडाच वेळ उरला तेव्हा तो पिकअप आला, बैलगाडीच्या गतीने. लीलँड काठी टेकत उतरला. "डोळ्यात मोतीबिंदू आलेत," असं तो म्हणाला नाही. तो म्हणाला, "आमच्या क्वार्टरबॅकला लांबचं दिसेनासं झालंय."

"मग गाडी कशाला चालवायला देता त्याला?"

"ऐकत नाही. आज जायचंच म्हणाला."

इर्माने त्याच्या हातात बिरॉक दिला. पुढे दोघं पोरांबद्दल बोलू लागले, पण आज गाडं चालेना. वर्लिन तोंड उघडायचा ते एक सांगायला आणि बाहेर पडायचा टोपीकामधला कुणी किकर. तेवढ्यात हार्लन आला, डोक्यावर नव्या पंगतीचं चिन्ह असलेली कोरी टोपी घालून.

"हाच ना तुझा भाऊ, सापांकडला?" मग तो लीलँडकडे वळला. "अरे, तुझा भाऊ म्हणजे तिजोरी आहे तिजोरी!" आणि त्याने जेट, सूटवाले, वळू सगळं रंगवून सांगितलं, एक बिरॉक उचलला आणि गेला.

लीलँड भावाकडे बघत राहिला. "तू थाप मारलीस? तू? तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही. बाबांचा कंदील फुटला तेव्हा त्यांनी विचारायच्या आत कोठारापर्यंत पळत सांगायला गेला होतास."

वर्लिन शेगडीतले निखारे हलवत राहिला.

"त्या सूटवाल्यांनी गुप्त ठेवायला सांगितलं होतं?"

"नाही."

"मग कशाला?"

"सामना राहावा म्हणून," वर्लिन म्हणाला. आवाज इतका खाली की वाऱ्याने उडाला असता. लीलँडने तो ऐकला. त्याचे खांदे हलायला लागले आणि हसता हसता त्याला ठसका लागला.

"काय झालं?"

"मी आमच्या रेडिओवर फोन केला होता, कोचच्या कार्यक्रमात. ब्रॅकनचा लीरॉय बोलतोय म्हणून. सांगितलं, हॅस्केटच्या मैदानाखाली रानउंदरांनी बिळं केलीत, मोठ्या संघांची पोरं येऊन पाय मोडून घेतील, त्यांना पंगतीत घेऊ नका."

"रानउंदीर?"

"आवाज बदलून. मार्लीन म्हणाली, तुला वेड लागलंय."

दोघंही हसले, डोळे पुसले, थंडीने पाणी येतंय असं दाखवलं. नंतर दोघं उठून आत सामना बघायला गेले. कोण जिंकलं ते गावाला तोंडपाठ आहे, वर्लिनला विचाराल तर त्याला आठवून सांगावं लागेल. तो शेजारच्या माणसाच्या काठीवरच्या हाताकडे बघत होता. आईचाच हात, तशीच ठसठशीत शीर. इतकी वर्षं हातभर अंतरावर बसून हे कधी दिसलं नव्हतं.

बाहेर आल्यावर लीलँडने खुर्ची मिटली. अंधार पडायच्या आत त्याला निघायला हवं होतं. तो गाडीत बसला, दर वर्षीच्या सवयीने म्हणाला, "चल मग. पुढच्या वर्षी," आणि त्याचा हात स्टिअरिंगवर तसाच राहिला.

"हो," वर्लिन म्हणाला.

दोघांनाही ते सुधारता आलं नाही. काच वर गेली, पिकअप हलला आणि गाड्यांच्या रांगेत जाऊन मिसळला. वर्लिनला धावावंसं वाटत होतं, हाक मारावीशी वाटत होती, आणि तो रिकाम्या जागेत नुसता उभा होता.

"पुढच्या वर्षी कुठं?" इर्माने विचारलं.

वर्लिन शेगडी विझवू लागला.

"वर्लिन, येत्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग आहे, घरच्यांनी एकत्र जेवायचा सण. टर्की आणलेली आहे. दोघांनी ती किती दिवस खायची? बोलाव त्याला."

वर्लिनने तिच्याकडे पाहिलं. त्याला खरंच प्रश्न पडला होता. "पण गुरुवारी सामना कुठंय?"

इर्मा चिडणार होती. पण त्याचा चेहरा बघून तिला रडूच आलं, आणि तिने हाताने त्याला रांगेच्या दिशेने ढकललं. "जा."

गाड्या मुंगीच्या पावलाने फाटकाकडे सरकत होत्या. लोक भोंगे वाजवत होते, कुणी खिडकीतून नव्या पंगतीच्या घोषणा देत होतं. त्या गर्दीतून वर्लिन उन्रू वाकून, बॉनेटवर हात टेकत, एकेक गाडी ओलांडत चालला. कुणीतरी "अरे, वळूवाल्या!" म्हणून हाक मारली, त्याने वळून पाहिलं नाही. फाटकाच्या अलीकडे त्याने लीलँडचा पिकअप गाठला आणि काचेवर बोटं वाजवली.

काच खाली आली. "काय झालं?"

वर्लिनला धाप लागली होती. विचारायला एकही पोरगा आठवेना. कॅन्ससमधला नाही, ओक्लाहोमातला नाही. त्याने काचेच्या कडेवर हात ठेवला.

"गुरुवारी ये," तो म्हणाला. "घरी. जेवायला."

लीलँड समोर बघत राहिला. पुढची गाडी सरकली, मध्ये मोकळी जागा पडली, तरी त्याने पिकअप हलवला नाही. मागच्या माणसाने भोंगा दाबून धरला.

"किती वाजता?" लीलँडने विचारलं.